नवी गाडी नंतर द्या, आधी आहे तिला डबे जोडा

प्रति,
खान्देशातल्या रेल्वेमार्गांवर गाड्या आणि डबे यांचं नियोजन करणारे सर्व अधिकारी

विषय : सकाळ-संध्याकाळच्या मेमू आणि पॅसेंजर गाड्यांचे डबे वाढवण्याबाबत

महोदय,

अलीकडेच प्रवासी आणि रेल्वे अधिकारी यांच्या एका बैठकीत आमच्या निवेदनाला उत्तर मिळालं. या मार्गावर आणखी गाडी चालवायला जागा नाही, सबब मागणी विचारात घेता येत नाही, असं ते उत्तर. निवेदन फायलीत गेलं. पण त्या निवेदनात आम्ही नवी गाडी मागितलीच नव्हती. आहे त्याच गाडीला डबे वाढवून मागितले होते. न मागितलेल्या गोष्टीला नकार देऊन मागितलेली गोष्ट बाजूला सारली गेली, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुम्ही वाचावं, आणि ज्यांच्या खिशात पास आहे त्यांनीही वाचावं.

मी पाचोऱ्याची. जळगावच्या एका दवाखान्यात लॅबमध्ये काम करते. सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली माणसं बाकावर बसून असतात, त्यात साखरेचे म्हातारे पेशंट असतात. मी अर्धा तास उशिरा पोहोचले की त्यांचा चहा अर्धा तास लांबतो. घर पाचोऱ्यात, मुलाची शाळा पाचोऱ्यात, सासऱ्यांचा औषधोपचार पाचोऱ्यात. जळगावला भाड्याची खोली घेऊन राहण्याचा हिशेब माझ्या पगारात बसत नाही. माझ्यासारखीच माणसं चाळीसगाव, वाघळी, कजगाव, नगरदेवळा, गाळण, माहेजी, म्हसावद, शिरसोली इथून रोज अपडाऊन करतात. एमआयडीसीतले कामगार, दाळ मिलमधली माणसं, कापडाच्या दुकानांतल्या मुली, कॉलेजची पोरं, कोर्टात तारखेला निघालेले शेतकरी, सिव्हिलला नंबर लावायला निघालेली कुटुंबं. सगळ्यांना जळगाव किंवा भुसावळ गाठायचं असतं, आणि साधारण एकाच वेळी गाठायचं असतं.

मी ज्या गाडीने जाते तिचा नंबर इथे मुद्दाम लिहीत नाही. नंबर लिहिला की तेवढ्या गाडीचा खुलासा येतो आणि बाकीच्या तशाच राहतात.

आमची गाडी मेमू, म्हणजे वेगळं इंजिन नसलेली विजेची गाडी, आठ डब्यांची. पाचोऱ्याला येते तेव्हाच दारं भरलेली असतात. ज्यांना कजगाव-नगरदेवळ्याला पाय ठेवायला जागा मिळाली ते दारातच अडकलेले असतात, कारण आत सरकायला वाव नसतो. अशाच एका सकाळी एक बाई फलाटावर होती. कडेवर दोनेक वर्षांचं पोर, हातात पिशवी. एक पाय पायरीवर टेकवला, पण दांडा धरायला हात मोकळा नाही. दारातल्या अनोळखी बाईला ती म्हणाली, "व माय, पोऱ्याले मझार ली ले." पोर डोक्यांवरून हातोहात आत गेलं. तेवढ्यात गाडी हलली. कॉलेजच्या दोन पोरांनी तिच्या काखेत हात घालून तिला वर ओढलं. माहेजी येईपर्यंत पोर आत रडत होतं आणि आई दारात उभी होती. मधे इतकी माणसं, की मायलेकरांना एकमेकांची तोंडं दिसेनात. तुमच्या कुठल्याच रजिस्टरला याची नोंद नसणार, कारण ती बाई पडली नाही.

आता तक्रारी एकेक करून सांगते.

पहिली, आणि माझ्या मते बाकी सगळ्यांचं मूळ असलेली तक्रार ही, की आमची गर्दी कुणी मोजत नाही. बैठकीत तिकीटविक्रीचे आकडे समोर ठेवले गेले. पण रोज जाणारा माणूस रोज तिकीट काढत नाही, तो महिन्याचा किंवा तीन महिन्यांचा पास काढतो. तो कोणत्या गाडीने जातो हे पासावर लिहिलेलं नसतं. मग सकाळच्या गाडीत किती माणसं आहेत हे तिकीट खिडकीवरून कसं कळणार? त्यासाठी सकाळी फलाटावर येऊन उभं राहावं लागेल. दुपारच्या गाडीत जागा रिकाम्या असतात हे खरं आहे. पण दुपारच्या रिकाम्या जागा सकाळच्या गर्दीत मिळवून सरासरी काढली, तर कागदावर कुणीच उभं नसतं. आणि जी माणसं चढूच शकली नाहीत, ती तर कुठल्याच हिशेबात नाहीत. म्हसावद आणि शिरसोलीची माणसं जळगावच्या सगळ्यात जवळची, पण त्यांच्यापर्यंत गाडी पोहोचते तेव्हा ती पूर्ण भरलेली असते. तीनदा-चारदा मागे राहिलेला माणूस पास काढणं बंद करतो, रिक्षाने किंवा कुणाच्या मोटारसायकलवर मागे बसून जायला लागतो. मग कागदावर त्या स्टेशनची मागणी कमी झालेली दिसते.

दुसरी तक्रार डब्यांच्या आतल्या जागेची. आठ डबे म्हटलं की ऐकायला बरं वाटतं. पण मेमूत दर चार डब्यांमागे एक मोटर कोच, म्हणजे बाकीच्यांना ओढणारा डबा असतो, आणि जुन्या पद्धतीच्या मोटर कोचमध्ये चालकाची केबिन आणि उच्च दाबाच्या विजेची यंत्रं बरीच जागा खातात. म्हणजे आठातले दोन डबे प्रवाशांसाठी पुरते मिळतच नाहीत. बायकांसाठी राखीव असलेला भाग एवढा लहान, की ऐन वेळी तिथेही दारापर्यंत उभं राहावं लागतं. वैशाखात आमच्याकडे पारा पंचेचाळिशी ओलांडतो. तेव्हा त्या डब्यात गर्भार बाईने किंवा साठी उलटलेल्या माणसाने उभं राहून जळगाव गाठणं काय असतं, ते एकदा येऊन बघा.

तिसरी. मेमूत जागा मिळाली नाही की आम्ही मागून येणाऱ्या एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात घुसतो. तिथे रात्रभर प्रवास करून आलेली, दूरवर जाणारी माणसं संडासाच्या दाराशी बसलेली असतात. आम्ही त्यांच्या अंगावर चढतो आणि रोज भांडणं होतात. त्यांचं काही चुकत नाही, आमचंही नाही. कुणी नाइलाजाने आरक्षित डब्यात चढला तर दंड भरतो. नियम आहे, दंड भरायलाच हवा, त्याबद्दल माझं म्हणणं नाही. पण माझा पास ज्या गाडीत चालतो तिच्यात मला उभं राहायला जागा मिळावी, एवढं तर मागता येईल ना?

सणासुदीचं वेगळं सांगायला हवं. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. श्रावणात कानबाई देवीच्या उत्सवासाठी सुरत, नाशिक, मुंबईला पोटासाठी गेलेले भाऊबंद गावी परततात, कारण तिच्या प्रसादाचे रोट घरच्यांसोबतच खायचे असतात. उधना-जळगाव मार्गावर नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगावच्या स्टेशनांवर त्या दिवसांत काय होतं ते तिथल्या प्रत्येक स्टेशन मास्तरला ठाऊक आहे. या तारखा पंचांगात वर्षभर आधी छापलेल्या असतात. तरीही त्या दिवशी नेहमीचीच गाडी, नेहमीच्याच डब्यांनिशी येते.

आणि एक जुनी गोष्ट, जी आम्ही विसरलेलो नाही. मार्च 2020 मध्ये सगळ्या गाड्या थांबल्या, ते योग्यच होतं. पण सुरू होताना आमच्या काही पॅसेंजर परत आल्याच नाहीत आणि ज्या आल्या त्यांना एक्स्प्रेसचं भाडं लागलं. दहा रुपयांचं तिकीट तीस रुपयांना झालं आणि फेब्रुवारी 2024 पर्यंत तसंच राहिलं. शिरसोलीहून जळगावला येणाऱ्या मोलकरणीने तेव्हा तीस रुपये मोजले आहेत. पाचोरा-जामनेर ही आमची छोटी नॅरोगेज गाडी, पीजे, तर 2020 मध्ये बंद झाली. नॅरोगेजचं ब्रॉडगेज होईल तेव्हा होईल, आज जामनेरकडची माणसं रस्त्याने येऊन आमच्याच गाड्यांच्या दाराशी उभी राहतात.

आता तुमच्या उत्तराकडे येते. मार्गावर जागा नाही हे मला मान्य आहे. मनमाड-भुसावळ हा देशातल्या गजबजलेल्या मार्गांपैकी एक आहे, मालगाड्याही त्याच रुळांवरून जातात. मनमाड-जळगाव तिसऱ्या मार्गाचं काम चालू आहे, आणि 160 किलोमीटरच्या चौथ्या मार्गाला नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आहे. हे मार्ग झाले की नव्या गाड्या मागू. पण जमीन, पूल, सिग्नल हे सगळं व्हायला वर्षं लागतात. माझा मुलगा तोवर दहावी होईल. आजच्या गर्दीला आजचं उत्तर हवं, आणि मार्ग अपुरा असेल तर गाडी लांब करणं हाच त्यावरचा उपाय आहे. आठ डब्यांच्या गाडीला जेवढा सिग्नल लागतो तेवढाच बारा डब्यांच्या गाडीला लागतो. वेळापत्रकात ती जागा एकच घेते. एक चालक आणि एक गार्ड दोन्हींना पुरतो.

फलाट पुरणार नाहीत, असं एका अधिकाऱ्यांनी सांगितलं. कुठले? चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळला 22-24 डब्यांच्या एक्स्प्रेस उभ्या राहतात. तशी गाडी साडेपाचशे मीटरच्या आसपास भरते. बारा डब्यांची मेमू पावणेतीनशे मीटरच्या आसपास, म्हणजे तिच्या निम्मी. लहान स्टेशनांवर साडेसहाशे मीटरची मालगाडी लूप लाइनवर बाजूला घेऊन उभी करता, मग तिथे मेमू मावणार नाही असं कसं होईल? लहान स्टेशनांचे काही फलाट आखूड असतील, ते वाढवावे लागतील, हे कबूल. पण तिसऱ्या मार्गासाठी या स्टेशनांवर तोडफोड आणि बांधकाम होतंच आहे. त्याच कामात फलाट पुढे न्या. नंतर पुन्हा निविदा, पुन्हा खर्च, पुन्हा दोन वर्षं असं करू नका.

गाडी जड होईल, वेळ पाळता येणार नाही, हाही एक आक्षेप ऐकला. मेमूच्या बाबतीत तो लागू पडत नाही. वाढीव चार डब्यांचा संच आपला मोटर कोच सोबत घेऊन येतो. डबे दीडपट झाले तर ताकदही दीडपट होते, म्हणून गाडी स्टेशनातून तितक्याच चपळाईने सुटते. उलट आज गर्दीमुळे प्रत्येक स्टेशनवर चढ-उतरीला जास्त वेळ जातो, दारात अडकलेली माणसं उतरून पुन्हा चढतात, आणि उशीर तिथे होतो. चार डबे वाढले म्हणजे दारंही वाढली. इंजिन लावलेल्या पॅसेंजरचं तर आणखी सोपं आहे. जे इंजिन 24 डब्यांची एक्स्प्रेस ओढतं त्याला बारा-पंधरा डबे जड नाहीत.

खरी अडचण डब्यांची आणि देखभालीच्या शेडची आहे, हे मी जाणते. मेमूचा डबा सुटा जोडता येत नाही, संच चाराचा असतो. तो कारखान्यातून यावा लागतो आणि शेडमधली तपासणीची लाइनही तेवढी लांब लागते. ही अडचण प्रामाणिकपणे सांगितलीत तर आम्ही ऐकून घेऊ, थांबूही. पण ती सांगा तरी. किती संचांची मागणी नोंदवली, कधी नोंदवली, खान्देशाचा नंबर यादीत कितवा आहे? तोवर जुने निळे आयसीएफ डबे आहेत. 2018 पासून त्यांचं उत्पादन थांबलं, एक्स्प्रेस गाड्यांना नवे एलएचबी डबे येत आहेत आणि जुन्यांतले कित्येक डबे खिडक्या बंद करून मोटारी वाहून नेण्यासाठी वापरले जातात. त्यांतल्या ज्यांचं आयुष्य शिल्लक आहे अशा डब्यांची एखादी इंजिनवाली पॅसेंजर सकाळच्या वेळी मेमूच्या जागी चालवता येईल का, हे तपासून बघा. नव्या रंगाचा आमचा हट्ट नाही.

हे सगळं मुंबईत झालेलं आहे. 3 फेब्रुवारी 1925 ला तिथली पहिली विजेची लोकल चार डब्यांची होती. पुढे नऊ डबे झाले, मग बारा, आणि 2009 मध्ये पश्चिम रेल्वेवर पंधरा डब्यांची लोकल धावली. तिथेही रुळांवर नव्या गाडीला जागा नव्हती, म्हणूनच तर डबे वाढवले. पंधरा डब्यांची गाडी बारापेक्षा पाव हिस्सा जास्त माणसं नेते. आमच्याकडे आठाचे बारा झाले तर निम्म्याने वाढ होईल. मुंबईच्या लोकांना जे मिळालं त्याचा मला हेवा नाही, त्यांनी ते भोगून मिळवलंय. पण तेच गणित चाळीसगावच्या पुढे आलं की चालेनासं होतं, असं तर नाही.

धुळे-चाळीसगाव शाखेचं दोन ओळींत सांगते. 1900 पासूनचा मार्ग, छप्पन-सत्तावन्न किलोमीटर, आजही एकेरी. समोरून गाडी आली की क्रॉसिंगला थांबावं लागतं, त्यामुळे फेऱ्या वाढवायला मर्यादा आहेत. अशा मार्गावर तर गाडी लांब करण्यावाचून दुसरी वाटच उरत नाही. शिरूड, जामदा, राजमाने इथला माणूस चाळीसगावला उतरून पुढच्या गाडीत चढतो. दोन्ही गाड्यांचे डबे एकत्र विचार करून वाढवले नाहीत, तर धुळ्याची गर्दी नुसती चाळीसगावच्या फलाटावर आणून सोडल्यासारखं होईल.

आमच्या मागण्या साध्या आहेत.

सकाळी कामाच्या वेळेआधी जळगाव-भुसावळला पोहोचणाऱ्या आणि संध्याकाळी तिथून सुटणाऱ्या आठ डब्यांच्या प्रत्येक मेमूला चार डब्यांचा एक संच जोडा. सगळ्या एकदम जमत नसतील तर सगळ्यात भरलेल्या गाडीपासून सुरुवात करा, पण क्रम आणि तारीख जाहीर करा. वाढलेल्या डब्यांतला एक पूर्ण डबा बायकांसाठी ठेवा.

कोणती गाडी सगळ्यात भरलेली हे ठरवण्यासाठी एक आठवडा माणसं उभी करून मोजणी करा. ती मे महिन्यात करू नका, तेव्हा कॉलेजं बंद असतात. जुलैत करा. चढणारे मोजा आणि फलाटावर राहिलेलेही मोजा. मोजायला माणसं कमी पडली तर पासधारक आळीपाळीने सोबत उभे राहतील, तशी आमच्यात बोलणी झाली आहे.

आखूड फलाटांची यादी लावा आणि तिसऱ्या-चौथ्या मार्गाच्या कामातच ते वाढवा. अखाजी, कानबाई आणि दिवाळीच्या आठवड्यात तात्पुरते डबे जोडण्याचा निर्णय निदान महिनाभर आधी घ्या.

आणि एक मागणी दोन्ही रेल्वेंना मिळून. जळगावच्या एका बाजूला मध्य रेल्वे, दुसऱ्या बाजूला पश्चिम रेल्वे. अमळनेरहून येऊन भुसावळला जाणाऱ्या माणसाला आपण कुणाच्या हद्दीत आहोत याच्याशी देणंघेणं नसतं. त्याच्या तक्रारीवर "हा विषय आमच्याकडे नाही" असं उत्तर यापुढे कुणी देऊ नये. दोन्हींकडचे नियोजन करणारे अधिकारी वर्षातून दोनदा तरी जळगावला एकत्र बसा आणि त्या बैठकीला पासधारकांना बोलवा. पुरुषांसोबत रोज जाणाऱ्या बायकांनाही बोलवा, निवेदनं देणाऱ्या मंडळांत आमची संख्या फार कमी असते.

उत्तर लेखी द्या, मराठीत द्या आणि स्टेशनवर तिकीट खिडकीशेजारी लावा. कोणत्या गाडीला किती डबे आणि कोणत्या तारखेपासून, एवढंच त्यात हवं. नाही म्हणायचं असेल तर डबे का देता येत नाहीत ते लिहा. मार्ग का नाही ते आम्हाला माहीत आहे.

आपली,
पाचोरा-जळगाव रोज जाणारी एक पासधारक